अंगठा, शेजारचं बोट आणि विळी

...आणि वर मलाच विचारतात, झोप का लागत नाही. अहो, कशी लागेल? माझी राही, पाच वर्षांची पोर, गेला आठवडाभर पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत्ये. अंगठा वर उचलून. आणि ती चाल मी ओळखते, कारण ती माझी आहे. रंग बापाचा घेतला, नाक बापाचं घेतलं, आईकडून घ्यायला हिला नेमकं पायाचं हाडच सापडलं?

तुम्हाला सांगते, माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड असं बाहेर आलेलं, की चपलांचा दुकानदार आधी पायाकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग हळूच, "वहिनी, जेन्ट्समध्ये दाखवू?" डॉक्टर त्याला बनियन म्हणतात... असो. शेवटी ऑपरेशन केलं. हाड कापलं, सरळ केलं, स्क्रू घातला. आणि डॉक्टर काय म्हणाले? "सहा आठवडे पायाच्या पुढच्या भागावर भार नको. नंतर मात्र अंगठा टेकायचा. घाबरून उचलून धरलात, तर सगळं शेजारच्या बोटाच्या हाडावर येईल, त्याला एवढी सवय नाही. भार कुठेतरी जाणारच."

कुठेतरी जाणारच... हे आमच्या घरी कोणी सांगायचं? नवरा, संदेश, बोटीवर. व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे निळाशार समुद्र, "तू फक्त आराम कर." फक्त. मग स्वयंपाक कोण करणार, हे विचारेपर्यंत नेटवर्क गेलं.

सासूबाई मात्र डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नाहीत. "अगो, चालायचं नाय सांगितलंय ना? मग बस. बसल्याला कसला भार?" असं म्हणून त्यांनी पुढ्यात विळी ठेवली, आणि मिरकरवाड्याच्या मासळीबाजारातनं आणलेला सरंगा. आणि मी बसले. आता विळीचा पाट हलू नये म्हणून आपण तो कशाने दाबून धरतो? पायाने. टाचेने? नाही. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई, बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, हे माझ्या शिकवणीच्या क्लासमधल्या पोरांकडून घोकून घेतलेलं... आणि ऑपरेशनच्या पायाने पाट दाबून सरंगा कापला, दुसऱ्या दिवशी बांगडे, तिसऱ्या दिवशी आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, सोलकढी हवी म्हणून नारळ.

पाय टम्म सुजला. स्क्रू निसटला असणार म्हणून रडत रडत एक्स-रे काढला. हाड जागेवर होतं. "नशीब तुमचं," डॉक्टर म्हणाले, "काय करत होतात?" म्हटलं, "बसले होते." खोटं होतं का?

पण त्यानंतर जी धास्ती बसली, की सहा आठवडे सरले, डॉक्टरांनी दिलेली ती टाचेवर चालायची होडीसारखी चप्पल सुटली, तरी अंगठा काही टेकेना. चालायचं कडेवर, आणि दुसऱ्या बोटाखाली सारखा खडा रुतल्यासारखा. सासूबाईंचं निदान तयार, "जोडवी काढलीस ना, म्हणून ते बोट दुखतंय." त्या स्वतः गुडघ्यापायी डुलत चालतात, पण ते म्हणे वयाचं. आणि राहीचं कळल्यावर तर काय, "आमच्याकडे कोणाचे पाय नाय हो असले." भार कुठेतरी जाणारच, तो माझ्या माहेरावर गेला.

काल राहीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. जाताना सगळं वाचून गेलेली, आनुवंशिकता, बुटातल्या गाद्या, मोठेपणी ऑपरेशन... मनातल्या मनात पोरीला स्क्रूसुद्धा घालून झाला होता. डॉक्टरांनी तिचे पाय बघितले, वाकवले, अंगठे दाबले. पट्टीने आखल्यासारखे सरळ.

"हिला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "काय ग, दुखतं का?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग अशी का चालतेस?"

राहीने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, एवढे मोठे डॉक्टर आणि एवढंही ठाऊक नाही अशा नजरेने, आणि म्हणाली, "मी आता मोठी झाले ना. बायका अशाच चालतात."