निघताना ‘येते’ म्हणायची सवय

अगं, बेळ्ळंदूरच्या पीजीत पहिल्या वर्षाला होते, तेव्हा घरची एक सवय काही सुटेना. कॉलेजला निघताना रिकाम्या खोलीलाही मी “येते गं” म्हणायचे. दोघी बाहेर पडलो की माझ्यामागून कुलूप लावायची ती रूममेट काव्या. ती म्हैसूरची, मराठीचा गंधही नाही.

एकदा जिन्यात तिने हिंदीत विचारलं, “रोज निघताना काय म्हणतेस?”

“आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणायचं, मग घरातलं कुणीतरी ‘ये’ म्हणतं.”

“सरी,” ती कानडीत ‘बरं’ म्हणाली. “ते ‘ये’ मी रोज ऐकते. आत कोण असतं?”

त्या दिवसापासून मी गुपचूप निघायला लागले. आठवड्याभरात काव्या कुलूप लावून आली आणि अडखळत एकेक शब्द जुळवत म्हणाली, “‘न सांगताच निघालीस?’ म्हणजे काय गं?”