साहेब आधी वाचत नसत

ताई : शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

टायपिस्ट : "दवाखान्याच्या फाटकावर लाठी चालवण्याचा हुकूम कोणी दिला, याची कसून चौकशी होईल."

ताई : ठीक. प्रिंट काढा.

टायपिस्ट : ताई, हुकूम तुम्हीच दिलात. सकाळी, याच खोलीतून, फोनवर. "हाडं मोडली तरी चालतील, दहा मिनिटांत फाटक मोकळं हवं."

ताई : काका, चाळीस वर्षं या घरात टायपिंग करताय. ऐकायचं काम कधीपासून लागलं तुमच्याकडे?

टायपिस्ट : कान झाकून टाईप करता येत नाही हो.

ताई : संपकऱ्यांनी पेशंटच्या गाड्या अडवल्या होत्या. आत माणसं तडफडत होती!

टायपिस्ट : तेही लिहू की. खरंच आहे ते. पण दवाखान्याच्या धोबीखान्यातली एक बाई खाली पडल्यावरही पोलीस तिला मारत राहिले. कवटी फुटल्याचा आवाज आला म्हणतात, तरी थांबले नाहीत. जी चादर तिनेच कधीतरी धुतली असेल, तिच्यातच गुंडाळून नेली तिला.

ताई : गप्प बसा!

(घराबाहेर जमलेल्या जमावातून दगड येतो. खिडकीची काच फुटून आत सांडते.)

टायपिस्ट : कपाळाला लागलंय तुमच्या. हा रुमाल घ्या, दाबून धरा.

ताई : वाहू दे. ऐकताय ना काय ओरडतायत? "तशा बापाच्या पोटी ही कुठून निपजली!" बापाने चौकात उभं राहून चूक कबूल केली आणि लेक घरात दडून बसली. लहानपणापासून त्या एका भाषणाने माझा जीव खाल्लाय. पुलावर गोळीबार झाला, चार माणसं मेली, आणि बाबा म्हणाले, "हुकूम माझा, दोष माझा." पुतळ्याखाली कोरलंय ते! कुठेही गेले की लोक आधी ते वाक्य मोजपट्टीसारखं माझ्या अंगाला लावतात.

टायपिस्ट : ते वाक्य साहेबांचं नव्हे.

ताई : काय?

टायपिस्ट : त्यांनी मला सांगितलं होतं, "पहिली गोळी जमावातून सुटली." मी ते टाईप केलं नाही.

ताई : काहीतरीच. आणि बाबांनी न बघता वाचलं?

टायपिस्ट : साहेब भाषण आधी वाचत नसत. आधी वाचलं की शब्द शिळे होतात, म्हणायचे. कागदाची घडी सरळ माणसांपुढेच उघडायचे. मी भेकड माणूस, ताई. तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. म्हणून कागदावर म्हटलं.

ताई : पुढे?

टायपिस्ट : "हुकूम" एवढं वाचलं आणि थांबले. मान वळवून माझ्याकडे बघितलं. समोर हजारभर माणसं, हातात दगड. मग उरलेलं वाचलं. भीतीने वाचलं की आणखी कशाने, मला आजही सांगता येत नाही. कदाचित तसं लिहिण्यात माझं चुकलंही असेल.

ताई : म्हणजे माझ्या बापाचा सगळा प्रामाणिकपणा तुमच्या मशीनमधून निघाला! आणि मी तीस वर्षं त्याच्याखाली चिरडून घेतेय. आत्ता जाते आणि त्या पुतळ्याचं थोबाड फोडते.

टायपिस्ट : पेपरवेट खाली ठेवा, ताई.

ताई : का? घाबरलात?

टायपिस्ट : घाबरलोय. मारायचाच असेल तर डाव्या हातावर मारा. उजव्याची तीनच बोटं चालतात.

ताई : ती दोन तर मशीनमध्ये सापडली होती ना?

टायपिस्ट : टायपिंगच्या मशीनमध्ये कुणाची बोटं मोडतात का? या टेबलाच्या खणात मोडली. साहेब चौकातून परत आले, माझा हात आत धरला आणि लाथेने खण बंद केला. तीनदा. ओढून बघा, अजून नीट बसत नाही तो.

ताई : मी जिन्यात होते. नऊ वर्षांची. ती किंकाळी... बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "काकांना मशीन लागलं, तू खेळायला जा." आणि मी गेलेसुद्धा.

टायपिस्ट : तुम्ही तरी काय करणार होतात?

ताई : तरी इथेच राहिलात?

टायपिस्ट : हातावरची पट्टी सुटली तेव्हा बोलावणं आलं. नवं भाषण सांगितलं. मी टाईप केलं आणि म्हटलं, साहेब, एकदा नजर टाका. नको म्हणाले. घडी घालून खिशात ठेवलं. मरेपर्यंत माझा एकही कागद त्यांनी आधी वाचला नाही.

ताई : का?

टायपिस्ट : विचारायची हिंमत झाली नाही.

ताई : मी मात्र तुमचा शब्दन् शब्द तपासते.

टायपिस्ट : हो. स्वल्पविरामसुद्धा.

ताई : कपाळ धुऊन येते. प्रिंट काढून ठेवा.

टायपिस्ट : पाच मिनिटं द्या. शेवटचं वाक्य राहिलंय.

ताई : ते तर झालं होतं.

टायपिस्ट : राहिलंय.

ताई : ...बरं.

टायपिस्ट : धुताना काचेचा कण राहिलाय का ते आरशात बघा.

(ताई आत जाते. पाच मिनिटांनी परत येते.)

ताई : काका? झालं?

टायपिस्ट : झालं. हा घ्या.

ताई : हात खणापासून लांब का धरलाय?

टायपिस्ट : सवय.

ताई : घराचं फाटक उघडायला सांगितलंय मी. पोलीस बाजूला होतील. एकटीच जातेय.

टायपिस्ट : मग आधी वाचून बघा. साहेबांना मी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय. वाचून बघा, ताई.

ताई : घडी घाला त्याची.