खालच्या अंगाला

आमची वाडी टोकावड्याच्या पुढं, गावाच्या कडेला, जमीन कोणाच्याच नावावर नाय, म्हणून दिवाळी झाली की सगळी वाडी कामाला बाहेर पडायची, आणि मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले तरी मलाही शेवटी घमेलंच उचलायला लागलं. काय सांगू तुमाला ताई, शिकल्याचा उपयोग झाला तो एकदाच, आणि तोही असा.

त्या साली मुकादम आमाला समुद्रावर घेऊन गेला, मी, माझा थोरला भाऊ लक्ष्मण, त्याची बायको आणि वाडीतली आणखी माणसं. तिथला किनारा दरवर्षी खचत होता, सुरूची झाडं मुळासकट आडवी पडलेली, तर खाडीच्या तोंडातली वाळू पाइपानं ओढून किनाऱ्यावर टाकायचं काम. पण आधी वाळू कुठं जाते ते बघायचं होतं. कामावरच्या साहेबांनी लाल रंगवलेली वाळू तिथल्या गावासमोर पाण्याच्या कडेला ओतली, आणि रोज ओहोटीला आमी रोवलेल्या खुंटांजवळची वाळू पिशव्यांत भरायचो, पिशवीवर नंबर मी लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. दादा चिडवायचा, वाळूची मास्तरीण झालीस गो, घे आता एकेका कणाची हजेरी. आठ दिवसांत लाल कण दक्षिणेच्या खडकांपाशी सापडायला लागले. साहेब म्हणाले, बघ, लाटा तिरक्या येतात, वाळू तिकडंच सरकवतात, आपण उत्तरेला, खाडीकडच्या टोकाला टाकायची, पुढं दर्याच वाटून देईल.

मग वाळू टाकायला लागलो, दादा पाइपाच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा, आणि एक लाट आली, ती गेली तेव्हा दादा नव्हता. एवढंच. ओरडायलाही वेळ मिळाला नाय त्याला.

आमी नदीची माणसं. काळू नदीच्या डोहात कोणी बुडालं तर खालच्या अंगाला बघायचं, हे वाडीत कोणालाही ठाऊक. ओहोटीला खाडीचं पाणी पलीकडच्या काठानं धावत होतं, तेच आमचं खालचं अंग, तिथं दोन दिवस सगळी उभी, वहिनी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली. एक म्हातारी कोळीण सुकट वाळवता वाळवता म्हणाली, अगो, दर्याला कसलं खाल नि कसलं वर? आमी ऐकलं नाय. आणि ताई, लाल कणांच्या पिशव्यांवरचे ते नंबर मी माझ्या हातानं लिहिलेले, तरी मी सगळ्यांबरोबर त्या धारेकडंच बघत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले ती खडकांकडं गेले. तो तिथं होता. तोंड माशांनी ठेवलं नव्हतं. कमरेच्या करदोड्यावरून मी ओळखलं आणि पुरुषांना सांगितलं, वहिनीला पुढं येऊ देऊ नका. आधी गेले असते तर तिला तोंड बघायला मिळालं असतं, असं मला वाटतं, रोज वाटतं.

वाडीवर आणून पुरला. वहिनीनं मूठमाती दिली नाय. म्हणाली, तुमी कोणाला आणलंय मला काय ठाऊक, मी तोंड बघितलं नाय. आता ती वीटभट्टीवर जाते, कोणी विचारलं तर नवरा समुद्रावर कामाला हाय म्हणून सांगते. बाया मला म्हणतात, तू शिकलेली, तू समजाव तिला. काय समजावू? परवा मुरबाडच्या बाजारात तिनं हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, रीतीप्रमाणं कासाराला वाकून नमस्कार केला, तो म्हणाला, अखंड सौभाग्यवती हो बाई. मी बाजूलाच उभी होते.