प्रोग्रॅमच्या बारा फायली

अर्धवट राहिलेल्या प्रोग्रॅमची किंमत कशी ठरते, माहीत आहे का तुम्हाला? बहात्तर साली मी नगरच्या एका कारखान्यात फायली लावायचे. पगारपत्रकासाठी पुण्याची कंपनी संगणकाचा प्रोग्रॅम करत होती. मध्येच करार मोडला आणि भोकं पाडलेल्या कार्डांच्या दोन पेट्या आमच्याकडे आल्या.

साहेब म्हणाले, "बाई, उद्या पुण्याहून तज्ज्ञ येऊन याची किंमत ठरवणार. काम चांगलं निघालं तर दुसरी कंपनी ते पुरं करेल, नाहीतर सगळं पहिल्यापासून. नीट लावून ठेवा."

सुटे कागद मला बघवायचे नाहीत. मी पंचिंग मशीन घेऊन बसले. शिपाई रंगनाथमामा म्हणाले, "बाई, ह्याला आदीच लई भोकं हायेत की!"

"अहो मामा, ती वेडीवाकडी आहेत. त्यांत दोरी कशी ओवायची?"

अख्खा प्रोग्रॅम त्या वेड्यावाकड्या भोकांतच असतो, हे मला कुठं ठाऊक! संध्याकाळपर्यंत प्रत्येक कार्डाला दोन सरळ भोकं पाडून मी बारा फायली बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तज्ज्ञांनी पहिली फाईल उघडली, "बांधणी सुरेख आहे," म्हणाले आणि प्रोग्रॅमची किंमत शून्य लिहून गेले.