बावन्न किलोंचं गॅरेज

मी मूळचा उदगीरकडचा. सातवीत गणितात दशांश चिन्ह आलं आणि मी शाळेतून गेलो. मग साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजायला होतो, तिथून इंजिनाच्या नादानं पुण्याला आलो. काय सांगू तुम्हाला, इथं माझं कोणी नव्हतं. सदाशिव पेठेत एका निवृत्त गणिताच्या सरांनी खोली दिली आणि विश्रांतवाडीला एका शेठनी गॅरेजला जागा दिली, या दोघांचे उपकार मी कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटायचे नाहीत.

तर शेठना शर्यतीचा नाद. एक दिवस म्हणाले, आरं, माझी गाडी पाव मैल चौदा सेकंदाच्या आत गेली पायजे, पैज हाय, नाय गेली तर तू जागा मोकळी कर. मी तडक खोलीवर सरांकडं गेलो. म्हटलं सर, चौदा सेकंदाला हॉर्सपॉवर किती लागेल ते कसं काढायचं? सर म्हणाले, सेकंदांना पाच दशांश आठ-दोन-पाचनं भाग, येईल तो आकडा तीनदा मांडून गुणाकार कर, त्यानं गाडीच्या वजनाला भाग. वजन पौंडात घे, किलोत घेतलंस तर शेठना बैलगाडी मिळेल.

मी गाडी लोणी काळभोरच्या काट्यावर नेली. आता आमच्या कारखान्यावर रीत अशी, की ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय काटा करायचाच नाही, नाहीतर चोरी. मी शेठना मोठ्या अदबीनं उतरवलं, चहा पाजला. आठशे किलो. त्याचे पौंड केले, हॉर्सपॉवर आली एकशे सत्तावीस. बरोबर तेवढं इंजिन बसवलं, देवाला नारळ फोडला.

सरावाला शेठ बसले, आणि चौदा पूर्णांक सहा. पुन्हा, पुन्हा तेच. शेठ म्हणाले, रविवारी पैज हाय, सोमवारी सामान हलव. मी रडकुंडीला येऊन सरांना घेऊन आलो. सरांनी माझा आकडेमोडीचा कागद बघितला आणि विचारलं, शेठ, गाडी आपण चालवणार ना? मग हिशोबात आपण कुठं आहात?

हिशोबात कसे घेणार हो, ज्यांच्या जागेत बसतो त्यांना वजन विचारायचं कसं! सरांनी विचारलं. काट्यावर उभं केलं, एकशे पंधरा. शेठ म्हणाले, काटा बिघडलाय. सर म्हणाले, चला, दुसऱ्यावर जाऊ. मग शेठ काट्यावरून खाली उतरले.

आता चार दिवसांत इंजिन कुठलं मिळायला? मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला, झाले पंचावन्न किलो कमी. तरी शेठ जास्तच. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी बावन्न किलो, तेही खिशातले लोखंडी पाने धरून. शेठ दोन दिवस किल्ली खिशात घेऊन फिरले, तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर टेकवली. रविवारी मी डोळे मिटू नयेत एवढंच मागत बसलो होतो. तेरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. सर म्हणाले, दशांश चिन्ह शेवटी परत आलं बघ तुझ्याकडं.

आता गॅरेजच्या दारातच वजनाचं यंत्र ठेवलंय, आधी माणूस, मग गाडी. शेठ स्वतः आधी चढतात, छताकडं बघतात. देव दोघांना शंभर वर्षं देवो. आई मात्र गावाकडून फोनवर म्हणते, बाळा, लई वाळलास, पोटभर जेवत जा. तिला कसं सांगू, पुढच्या रविवारी पुन्हा पैज आहे.