बाबाची बंदूक अन् विहिरीचं पाणी

माह्या भावाची इज्जत किती मोठी आहे, आयका. वाटणीत त्यानं विहिरीचं वावर घेतलं अन् मले कोरडं वावर अन् बाबाची बंदूक देल्ली. म्हणे, "तूच त्यायचा लाडका." बंदूक दर इलेक्शनले ठाण्यात जमा, अन् रानडुकरं माह्या वावरात. बुलढाण्याचा बंदूकवाला म्हणाला, "हे मले द्या, धनुष्य घेऊन जा. त्याले लायसनची कटकट नाही." पण बाबा दसऱ्याले तिची पूजा करत, म्हणून माहं मन होईना. तेवढ्यात हे कुठून तरी आयकून भाऊ माह्या दारात येऊन बोंबलला, "बाबाची इज्जत इकून राह्यला काय बे?"

मी म्हटलं, "दादा, मंग इज्जत तू घे. मले विहिरीचं पाणी दे, आठवड्यातून एकच दिवस."

भाऊ म्हणे, "धनुष्यबी काही वाईट नसते बे."