होणाऱ्या सासूकडे किमची

कोरियातल्या मोकपो शहरात, बसथांब्यावरच्या रांगेत दालसूने शेजारणीला हळूच ढोसलं.

"ऐकलंस, मालजा? ही पुढची पोरगी पहिल्यांदाच होणाऱ्या सासूकडे जेवायला आलीय, तीही घरची किमची घेऊन! सासू ती वाढणारच नाही. लाव पैज!"

"हरलास तर इथेच बेडकासारखं ओरडायचं."

"मंजूर!"

पोरगी शेजारी उभ्या होणाऱ्या नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "आईंना वाटेल, मी त्यांच्या किमचीला नावं ठेवतेय. डबा लपवू का रे?"

"आता कुठे लपवतेस? आई आलीसुद्धा!"

"काय गं, काय आहे त्यात?"

"किमची... मीच केलीय."

आईने तिथेच झाकण काढून तिखटमिठात मुरलेल्या कोबीचं एक पान तोंडात टाकलं.

"खारट झालीय."

"जिंकलो!" दालसूने उडीच मारली.

"चला लवकर," आई त्या दोघांना म्हणाली. "आज भात जास्त लावावा लागेल, ही सगळी संपवायचीय."

"दालसू, बस खाली," मालजा म्हणाली.

भर रांगेत दालसू उकिडवा बसला.

"डरांव!"

"मोठ्याने!"

"डरांव! डरांव!"